डकटेल्स नीट कसा खेळावा: स्क्रूजकाकांची उसळी, ठिकाणांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

चवथीला घर भरलं की कोणीतरी लॅपटॉप टीव्हीला जोडतो आणि डकटेल्स लावतो, म्हणजे त्याच नावाच्या कार्टून मालिकेवरचा गेम, ज्यात श्रीमंत बदक स्क्रूजकाका काठी घेऊन खजिने शोधत फिरतात. अर्ध्या तासात गेम बंद होतो आणि मंडळी पत्त्यांवर बसतात. तक्रारी ठरलेल्या असतात. काठी बाहेरच येत नाही. बर्फात काका रुतून बसतात. खाणीचं दार उघडत नाही. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका हिंदीत पाहिलेल्या, आता चाळिशीच्या आसपास असलेल्या लोकांच्या तोंडून हे जास्त ऐकू येतं. त्यांच्या मुलांचं फारसं अडत नाही, कारण मुलं सूचना वाचतात.

या तक्रारींमागची सवय बहुतेक एकच असते. हा गेम धावण्याचा समजून खेळला जातो, आणि तो आहे उसळण्याचा. धावणारे स्क्रूजकाका दुबळे असतात, काठीवर उसळणारे काका जवळपास सगळं पार करतात. एवढं हातात बसलं की बाकीचा प्रश्न तयारीचा आणि क्रमाचा उरतो.

## पायरी १: आवृत्ती ठरवा

कॉम्प्युटरवर सरळ विकत मिळणारे दोन पर्याय आहेत.

पहिला ‘डकटेल्स: रीमास्टर्ड’. कॅपकॉम या गेम कंपनीने वेफॉरवर्ड या दुसऱ्या कंपनीकडून करून घेतलेली ही २०१३ ची नवी आवृत्ती. चित्रं कार्टूनसारखी हाताने काढलेली आहेत, पात्रं बोलतात, आणि स्क्रूजला आवाज मूळ मालिकेतल्याच ॲलन यंग यांचा आहे. तेव्हा त्यांचं वय ९३ होतं.

दुसरा ‘द डिस्नी आफ्टरनून कलेक्शन’. २०१७ च्या या संचात कॅपकॉमचे सहा जुने गेम आहेत. १९८९ चा मूळ डकटेल्स आणि त्याचा दुसरा भागही त्यातच मिळतो. चित्रं ठोकळ्यांची आहेत, पण एक मोठी सोय आहे: चूक झाली की बटण दाबून खेळ मागे नेता येतो, शिवाय हवं तिथे जतन करता येतो.

माझं मत विचाराल तर लहान मुलांसोबत खेळायचं असल्यास रीमास्टर्ड घ्या. एकट्याने, रात्री जेवणं आटोपल्यावर खेळायचं असेल तर कलेक्शन. रीमास्टर्डमध्ये खेळ मागे नेण्याची सोय नाही. ती आहे असं समजून विकत घेणारे बरेच भेटतात.

रीमास्टर्ड २०१९ मध्ये विक्रीतून काढला होता आणि २०२० मध्ये परत आला. ‘आता मिळत नाही’ असं सांगणारी जुनी माहिती वाचून कुठल्यातरी साइटवरून फुकटची फाइल उतरवू नका. फोनवर डकटेल्सच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींनाही हेच लागू.

तपासणी: स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलेला गेम खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. ते २ तास आधी मशीन आणि कंट्रोलर तपासण्यात घालवा. गोष्ट बघत बसलात तर तिथेच संपतील.

## पायरी २: खेळायला बसण्याआधीची तयारी

कोणी ही पायरी करत नाही आणि दोष मात्र गेमला देतात.

गेम एकदा ऑनलाइन चालू करून घ्या. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात किंवा काणकोणच्या आतल्या भागात गावच्या घरी जाणार असाल तर पणजीत, मडगावात, जिथे नेट धड आहे तिथेच गेम पूर्ण उतरवा, एकदा सुरू करून बंद करा आणि मग स्टीम ऑफलाइन मोडवर टाका. नुसता उतरवून नेलात तर तिकडे गेल्यावर स्टीम पहिल्यांदा नेट मागेल, आणि तुम्ही फोन हातात घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात रेंज शोधत फिराल.

टीव्हीचा गेम मोड चालू करा. ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. नवे टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात ते क्षणभर उशिरा दाखवतात. सिनेमा बघताना कळत नाही, पण डकटेल्समध्ये बटण हवेत असताना दाबायचं असतं, त्यामुळे एवढा उशीरही नडतो. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो. तो सापडत नसेल तर चित्र गुळगुळीत करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा.

कंट्रोलर वायरचा वापरा. ब्लूटूथही चालतो, पण शंका आली की आधी वायर लावून बघा. कीबोर्डवर खेळता येतं, फक्त दोन-तीन बटणं एकदम धरून ठेवावी लागतात आणि काही स्वस्त कीबोर्ड तिथे एखादं बटण गिळतात.

विजेचं बघा. पावसात लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, टीव्ही राहणार नाही, म्हणून वीज गेल्यावर लॅपटॉपच्याच पडद्यावर खेळण्याची तयारी असू द्या. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसेल तर जोराचा पाऊस लागलेला असताना नवीन ठिकाण सुरू करू नका. रीमास्टर्डमध्ये अर्ध्यावर लाइट गेली तर ते ठिकाण पुन्हा पहिल्यापासून, असंच धरून चाला. कलेक्शनवाल्यांनी दर थोड्या वेळाने जतन करावं.

आणि नेवऱ्या खाल्लेले हात धुऊन मगच कंट्रोलर. बटणाखाली साखर-तूप गेलं की पावसाळ्यातल्या दमटपणात ते बटण पुढच्या चवथीपर्यंत चिकटतं.

## पायरी ३: उसळी शिका (आणि ती येईपर्यंत पुढे जाऊ नका)

काठीवर उसळण्याच्या या चालीला पोगो म्हणतात. काका हवेत उडतात, काठी पायाखाली धरतात आणि तिच्यावर टणटण उड्या मारत जातात. साध्या उडीपेक्षा ती उंच जाते. शत्रूच्या डोक्यावर पडली तर तो मरतो, पेटीवर पडली तर पेटी उघडते. काट्यांवर नुसते पाय पडले तर जीव कमी होतो, पण काठीवर उसळत गेलात तर काहीच होत नाही.

चूक होते ती बटणांच्या क्रमात. मूळ आवृत्तीत क्रम असा:

1. आधी उडीचं बटण.
2. काका हवेत असताना खालचा बाण.
3. बाण दाबलेला असतानाच काठीचं बटण, आणि ते धरून ठेवायचं.

बहुतेक लोक खालचा बाण जमिनीवरच दाबतात. मग काका नुसते वाकतात आणि समोरून येणारा शत्रू आदळतो. उरलेले लोक काठीचं बटण टिचकी मारल्यासारखं दाबून सोडतात. बटण सोडलं की उसळी संपली. उसळत राहायचं असेल तर बोट उचलायचं नाही.

रीमास्टर्डमध्ये खालच्या बाणाची गरज नाही. हवेत असताना काठीचं बटण धरलं की झालं. मात्र सेटिंगमध्ये ‘हार्ड पोगो’ नावाचा पर्याय आहे. तो चालू असेल तर जुनाच क्रम लागू होतो. घरातल्या कुठल्यातरी हौशी भाच्याने तो चालू करून ठेवलेला असण्याची शक्यता बरीच, म्हणून काठी बाहेर येत नसेल तर सगळ्यात आधी हा पर्याय बघा.

### सराव कसा करायचा

रीमास्टर्डची सुरुवात स्क्रूजच्या तिजोरीच्या इमारतीत होते. तिथे बीगल बॉइज ही चोरांची टोळी घुसलेली असते. गोष्टीच्या ओढीने लोक हा भाग भराभर संपवतात, आणि सरावाची सगळ्यात सोपी जागा हातची जाते. तिथे थांबा आणि या क्रमाने करा:

आधी जागच्या जागी उसळत राहा. डावी-उजवीकडे जायचं नाही, फक्त लय पकडायची. दोरीवरच्या उड्या मारताना दोरी दिसण्याआधीच पाय उचलला जातो, तसं इथे बोट आपोआप पडायला हवं.

मग उसळत उसळत एका दिशेने जा. काठीचं बटण धरलेलंच असू द्या, दुसऱ्या अंगठ्याने फक्त दिशा द्या.

मग शत्रूच्या डोक्यावर उतरा आणि न थांबता पुढे उसळी घ्या. शत्रूवरून मिळालेली उसळी हीच पुढच्या उंच जागेची शिडी असते. अनेक पेट्या आणि वाटा अशाच ठिकाणी ठेवल्या आहेत.

शेवटी हवेत असताना बटण सोडून साधं जमिनीवर उतरा. हे कोणी शिकत नाही, आणि हिमालयात नेमकं हेच लागतं.

तपासणी: खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय न टेकता जाता आलं, तर पुढे चला. नाही तर नाही.

सावधान: वेल किंवा दोर पकडायचा असेल तर काठी सोडावी लागते. वरचा बाण दाबून दोर धरायचा असतो, आणि उसळीच्या नादात अंगठा खालच्या बाणावरच राहतो. काका दोराला हात न लावता खाली खड्ड्यात जातात, ते यामुळे.

## पायरी ४: काठीचा दुसरा वार

जमिनीवर काठी गोल्फच्या स्टिकसारखी फिरवून दगड, ठोकळे, पेट्या उडवता येतात. वस्तूला टेकून उभं राहायचं, तिच्या दिशेचा बाण दाबून ठेवायचा आणि मग काठीचं बटण. दगड उडून समोरच्या शत्रूला लागला तर तो मरतो. न हलणाऱ्या भिंतीवर मारलीत तर काकाच झिणझिणतात.

एवढंच. हा वार शत्रूंशी लढायला वापरू नका. जवळ येणाऱ्या शत्रूवर तो वेळेत बसत नाही. लढायला उसळी.

## पायरी ५: ठिकाणं कोणत्या क्रमाने घ्यायची

पाच ठिकाणं आहेत: ॲमेझॉन, ट्रान्सिल्वेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र. गेम सांगतो की कुठेही जा, आणि आपली माणसं हटकून हिमालय निवडतात. नाव ओळखीचं असतं ना! नवख्याने तिथे शेवटी जावं.

माझा क्रम असा आहे: ॲमेझॉन, ट्रान्सिल्वेनिया, खाणी, चंद्र, हिमालय.

ॲमेझॉन. पोगो पक्का करायचं ठिकाण. काटे आहेत, वेली आहेत, जमिनीखालच्या वाटा आहेत. काट्यांच्या पट्ट्यात पाय टेकू नका, उसळतच जा. रीमास्टर्डमध्ये इथे नाणी गोळा करायची असतात, त्यामुळे सरळ उजवीकडे धावत सुटलात तर परत मागे यावं लागतं. पॉझ करून नकाशा बघत जा.

ट्रान्सिल्वेनिया. भुतांचा वाडा. इथे दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. काही भिंती खोट्या आहेत, त्यांतून आरपार जाता येतं. आणि आरसे तुम्हाला वाड्यातल्या दुसऱ्या जागी नेतात. वाट संपलीशी वाटली की आधी भिंतीत घुसून बघा, मग आरसा शोधा. कुठला आरसा कुठे नेतो ते कागदावर लिहून ठेवा, कारण मूळ आवृत्तीत शेवटच्या लढाईसाठी याच वाड्यात परत यायचं असतं.

खाणीची किल्लीही मूळ आवृत्तीत इथेच मिळते. ‘दार उघडत नाही’ या तक्रारीचं उत्तर हे आहे. किल्ली न घेता खाणीत गेलात तर तिथून तुम्हाला इकडेच पाठवलं जातं.

खाणी. छत बुटकं असतं तिथे उसळी आखूड पडते आणि लय चुकते. अशा जागी साध्या उडीने जा, मोकळ्या जागी पुन्हा काठीवर या. बाकी ट्रान्सिल्वेनिया जमलेल्याला हे जड जाऊ नये.

चंद्र. मूळ आवृत्तीत वाटेत एक भिंत आडवी येते. ती काठीने फुटत नाही. परग्रहवासीयांच्या यानात रिमोट आहे, तो घेतला की चिलखतातला मदतनीस गिझमोडक येऊन भिंत फोडतो. रिमोट न घेता यानातून बाहेर पडलेले लोक त्या भिंतीसमोर वेळ फुकट घालवतात, आणि मूळ गेममध्ये वेळ मोजली जाते. (इथलं संगीत ऐकायला थांबायचं असेल तर रीमास्टर्डमध्ये थांबा.)

हिमालय. इथे आतापर्यंतची सवय उलटते. मऊ बर्फावर पोगोने उतरलात की काठी रुतते, काका अडकतात, आणि तेवढ्यात उड्या मारणारा ससा येऊन आपटतो. मऊ बर्फावर साधी उडी घ्यायची आणि काठी फक्त शत्रूवर किंवा कडक जागेवर उतरताना काढायची. तिसऱ्या पायरीतला शेवटचा सराव यासाठीच होता. बर्फात गोठलेला बब्बा डक (मालिकेतला गुहेतला छोटा बदक) दिसला तर त्याला सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासणी: प्रत्येक ठिकाणी रिकामा कोपरा, बंद वाट, उगीच मोकळी जागा दिसली की तिथे एक उडी मारून बघा. हवेत दडलेले हिरे अशाच जागी प्रकट होतात. पैसा नुसता गुणांसाठी नाही. रीमास्टर्डमध्ये त्यातून चित्रं आणि संगीत उघडतं.

## पायरी ६: बॉसशी लढताना

प्रत्येक ठिकाणच्या शेवटी एक मोठा शत्रू असतो: ट्रान्सिल्वेनियात चेटकीण मॅजिका डी स्पेल, खाणीत जमिनीखाली राहणाऱ्या टेरा-फर्मियनांचा राजा, हिमालयात हिममानव, चंद्रावर भलामोठा उंदीर. सगळ्यांना एकच औषध आहे, डोक्यावर काठी. पण कधी?

पहिल्या फेरीत मारूच नका. फक्त चुकवा. तो कुठून येतो, किती वेळ थांबतो, कुठे वळतो ते एकदा पाहून घ्या. प्रत्येकाच्या हालचाली ठरलेल्या आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा येतात. मार बसल्यावर तो लुकलुकतो, तेवढ्यात दुसरा वार लागत नाही. लोक नेमके तेव्हाच अधाशासारखे त्याच्यावर उड्या मारतात आणि स्वतःचा जीव घालवतात. एक वार, मग लांब. पुन्हा संधी, पुन्हा एक वार.

बॉसच्या खोलीत शिरण्याआधी जीव भरून घ्या. आइस्क्रीमने थोडा भरतो, केकने पूर्ण. काही जागी मुलांना सांभाळणारी मिसेस बीकली वरून खाऊ टाकते, तिला बघून पुढे पळू नका. आणि बॉस उसळत असेल तर त्याच्या खाली उभं राहू नका, हे सांगायला नको होतं, पण सांगावं लागतं.

सावधान: कलेक्शनमध्ये बॉसच्या दारात जतन करा, आत गेल्यावर नाही. एकच जीव उरलेला असताना आत जतन केलंत तर प्रत्येक वेळी तेवढ्याच जिवावर लढावं लागेल.

## पायरी ७: शेवटचं ठिकाण

पाच खजिने मिळाले म्हणजे गेम संपला असं वाटतं. संपलेला नसतो. मूळ आवृत्तीत ट्रान्सिल्वेनियाच्या वाड्यात परत जाऊन ड्रॅक्युला डकला हरवायचं असतं, आणि लगेच पुढे दोरावर चढायची शर्यत असते. स्क्रूजचा प्रतिस्पर्धी ग्लोमगोल्ड, त्याच्या आधी वर पोचायचं. ड्रॅक्युला मेल्यावर कंट्रोलर खाली ठेवून टाळ्या वाजवणारे इथे हरतात.

रीमास्टर्डमध्ये हे सगळं व्हेसुव्हियस ज्वालामुखीत घडतं आणि ड्रॅक्युलानंतर खालून लाव्हा वर येत असताना पळायचं असतं. इथे नेम धरून, फळीच्या मधोमध उतरत वर जा. घाईने मारलेल्या दोन उड्यांपेक्षा नीट घेतलेली एक उडी लवकर वर नेते. नॉर्मल पातळीवर सगळे जीव संपले तर हे ठिकाण पहिल्यापासून खेळावं लागतं, ड्रॅक्युलासकट. म्हणून व्हेसुव्हियस रात्री उशिरा सुरू करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना घ्या.

पुन्हा खेळताना गोष्टीचे तेच प्रसंग समोर येतात. पॉझ करून ते वगळता येतात. गोष्ट एकदा बघा, नंतर वगळा.

## पायरी ८: मुलं चार, कंट्रोलर एक

हा गेम एकाने खेळायचा आहे, एकदम दोघांना खेळता येत नाही. वाटणी आधी ठरवली नाही तर आरतीला बसेपर्यंत रडारड सुरू असते.

‘एक जीव गेला की कंट्रोलर पुढे’ हा नियम दिसायला न्याय्य आहे, पण लहान मूल दहा सेकंदांत बाद होतं आणि मोठा भाऊ अर्धा तास सोडत नाही. त्यापेक्षा वेळ लावा, फोनवर पाच मिनिटांचा गजर. बॉसची लढाई चालू असेल तर ती संपेपर्यंत मुभा. ज्याची पाळी नाही त्याला काम द्या: एकाने आरशांचा कागद सांभाळायचा, एकाने नकाशावर राहिलेल्या जागा बघायच्या, इंग्रजी वाचता येणाऱ्याने पात्रं काय म्हणतात ते धाकट्यांना मराठीत सांगायचं. सगळ्यात लहान असेल त्याला तिजोरीतल्या पैशांत सूर मारायला द्या. रीमास्टर्डमध्ये ठिकाणांच्या अधेमधे स्क्रूजच्या नाण्यांच्या ढिगात पोहता येतं. तिथे मरण्याची भीती नाही, आणि मुलांना बाकी गेमपेक्षा तेच जास्त आवडतं.

पातळी ईझी ठेवा. मोठ्यांना त्यात कमीपणा वाटतो, तर त्यांनी मुलं झोपल्यावर हार्ड लावावं.